बोर्ड अजून ठरलेला नाही

१७ नोव्हेंबर १९९७, सोमवार

किळस आली. धाटावला कंपनीच्या नोटीस बोर्डावर आज कागद लागला. जेवणाच्या सुट्टीत अकाउंट्सच्या कॉम्प्युटरवर काही कर्मचारी गेम खेळतात, हे शिस्तीला धरून नाही, यापुढे सक्त मनाई. काही कर्मचारी म्हणजे दोन. एक मी, स्टोअरकीपर. दुसरा एझ्रा पेणकर, इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक. नावं घातली असती तर बरं झालं असतं, निदान नोटीस वाचून प्यून माझ्याकडे बघून हसला नसता.

मोटारींच्या शर्यतीचा गेम. एकाच कीबोर्डवर दोघांनी खेळायचा. सात महिने, रोज वीस मिनिटं. साहेब स्वतः त्याच कॉम्प्युटरवर पत्ते लावतात ते चालतं.

एझ्रा आडनावाने पेणकर, राहतो रोह्यात. पेणला राहतो मी. अठरा वर्षं लोक चुकीच्या घरी निरोप देतात.

ठरलं. स्वतःचा कॉम्प्युटर. तयार घ्यायचा नाही. एकेक भाग आणून कमी पैशात जोडायचा, खास गेमसाठी. मॉनिटर, कॅबिनेट, प्रोसेसर वगैरे किरकोळ गोष्टी एझ्राकडे. मदरबोर्ड माझ्याकडे. बाकी सगळं ज्याच्यावर बसतं तो हा बोर्ड. अठरा वर्षं वस्तू पारखतोय, हे काम दुसऱ्या कुणाला झेपलं नसतं.

मशीन माझ्या घरी राहील. एझ्राच म्हणाला, तुझ्याकडे ठेव, आम्ही पावसाळ्यात इस्रायलला जाऊ. त्याची मुलगी रूथ लग्न होऊन तिकडे गेली तेव्हापासून दर वर्षी कायमचा जातोय. अजून रोह्यातच आहे.

१५ डिसेंबरपर्यंत बोर्ड आणणार. लिहून ठेवलं म्हणजे ठेवलं.

२३ नोव्हेंबर, रविवार

एस.टी. स्टँडवरच्या स्टॉलवरून कॉम्प्युटरचं मासिक आणलं. स्टॉलवाल्याने पाच महिने जुना अंक दिला, वर भजीचा डाग. वाचला. अर्धा कळला. उरलेला अर्धा लिहिणाऱ्यालाच कळला नसावा.

वही घातली. बारा रकाने. एकेका बोर्डाची माहिती भरायची, गुण द्यायचे, ज्याला सर्वांत जास्त तो आणायचा. यात चूक व्हायला जागाच नाही.

नमिताने विचारलं, हे मशीन ठेवणार कुठे. म्हटलं, तुझ्या पापडांच्या टेबलावर. त्यावर ती काही बोलली नाही. पटलं असावं.

१४ डिसेंबर, रविवार

उद्या १५. बोर्ड आणलेला नाही, आणि याचा मला आनंद आहे. नवीन अंकात आलंय की जानेवारीत नवे बोर्ड येतायत. आत्ता घेतला तो फसला. माझं धोरण असं की आधी मूर्खांना घेऊ द्यावं.

एझ्राने मात्र प्रोसेसर आणलासुद्धा. ठाण्याच्या कुणा चुलतभावाकडून. क्रीम बिस्किटाएवढा चौकोनी तुकडा, खाली पिना, रुमालात बांधून डब्याबरोबर घेऊन आला. म्हटलं, अरे, बोर्ड ठरायच्या आधी प्रोसेसर कसला आणतोस. तो म्हणाला, मिळाला म्हणून आणला. अशी माणसं इन्स्ट्रुमेंट डिपार्टमेंटमध्ये आहेत आणि तरी कंपनी चालते.

१२ जानेवारी १९९८, सोमवार

एक सीएल फुकट गेली. मुंबईला लॅमिंग्टन रोडला जाऊन आलो. दळभद्री रस्ता. फुटपाथवर वायरी, वायरींवर माणसं. दुकानात काउंटरपाशी उभं राहायला जागा नाही, पंख्याला वारा नाही.

अकरा प्रश्न लिहून नेले होते. तिसऱ्या प्रश्नाला दुकानदाराने मागच्या गिऱ्हाइकाचं बिल केलं. पाचव्याला चहा प्यायला. सहाव्याला म्हणाला, अंकल, लेना है क्या? मी बेचाळीस वर्षांचा आहे. तो किमान अडतीसचा होता.

जिथे प्रश्नाला उत्तर नाही तिथून वस्तू घ्यायची नाही, हा माझा नियम. निघून आलो. पूर्ण रिकाम्या हाताने नाही. माऊसखाली ठेवायचं पॅड आणलं. चांगलं आहे. निळं.

२७ जानेवारी, मंगळवार

एझ्रा आज जरा तुटक बोलला. म्हणाला, पुंडलिक, कुठलाही घे रे. मला तुझ्याबरोबर खेळायचंय, बोर्डाबरोबर नाही.

असला बेफिकीरपणा मला सहन होत नाही. मी वही दाखवली. नऊ बोर्ड, बारा रकाने. त्याने पानं उलटली आणि विचारलं, यात पहिला कोण आला? म्हटलं, तीन जण सारखे आलेत. तो हसला नाही. वही मिटून माझ्या हातात दिली आणि डबा धुवायला गेला.

आणखी दोन रकाने वाढवले.

२२ फेब्रुवारी, रविवार

रोह्याला एझ्राकडे गेलो होतो, नमितापण आली. मिरियमवहिनी कपाटं रिकामी करत होत्या. नमिताला तांब्याचा बंब दिला, दोन पातेली दिली, शिलाई मशीन न्या म्हणाल्या. नमिता परतीच्या एस.टी.त डोळे पुसत होती. मी तिला समजावलं की जुनं काढून लोक नवीन घेतात. एझ्राला गेल्या वर्षी इन्क्रिमेंट चांगली मिळालीय.

बंब कडेवर घेऊन नागोठण्यापर्यंत उभ्याने आलो. पुढे बसायला मिळालं ते चाकावरच्या सीटवर. डोळ्यांत, दातांत, बंबात सगळीकडे धूळ.

९ मार्च, सोमवार

कंपनीत बोलतात की एझ्राने राजीनामा दिला. मी थेट त्याला विचारलं. तो म्हणाला, हो, जुलैअखेरपर्यंतचा. मला यातलं कळतं. असा कागद दिला की साहेब घाबरतात आणि सुपरवायझर करतात. एझ्रा दिसतो तेवढा साधा नाही.

मॉनिटर आणि कॅबिनेट त्याने टेम्पोतून माझ्याकडे पाठवून दिलं. नमिताने मॉनिटरवर लगेच जुनं लुगडं टाकलं आणि कॅबिनेटवर पोह्याचे पापड वाळत घातले. वैताग आहे. तिने विचारलं, मदर कधी येणार. शेजारच्या काशीबाईंनी कुडाआडून ऐकलं आणि म्हणाल्या, गो नमिते, सासू येते काय गो? आता सगळी आळी मला विचारते, आई कधी येणार. आईला जाऊन नऊ वर्षं झाली.

१९ एप्रिल, रविवार

निर्णय झाला. पाच महिने थांबलो त्याचं सोनं झालं.

नवीन अंकात स्पष्ट लिहिलंय. जुन्या बोर्डांवर प्रोसेसर बसवायला चौकोनी जागा असते. नव्यांवर लांब उभी फट असते, प्रोसेसर पाटीसारखा आत खोचायचा. चौकोनीचा काळ संपला. लांब फटीचाच घेणार. एझ्राला सांगणार नाही. एकदम समोर ठेवणार.

१७ मे, रविवार

डोकं उठलंय.

नमिताचा भाऊ गुणाजी. हमरापूरला गणपतीचा कारखाना. काल रंग आणायला मुंबईला चालला होता. त्याच्याकडे पैसे दिले आणि चार पानी सूचना दिल्या. काय विचारायचं, काय बघायचं, दुकानदार असं म्हणाला तर आपण काय म्हणायचं.

आज सकाळी गुलाबी रंगाने माखलेल्या हाताने त्याने खोका पुढे केला. म्हणाला, भावोजी, तुमचा कागद नाय ऱ्हायला. पनवेलला खिडकीतून उडाला. मग दुकानदाराला बोललो, घरात खेळायला पायजेल, चांगला दे, परत यायला लावू नको. त्यानं हा दिला. धा मिनटात काम झालं.

दहा मिनिटांत. मी सहा महिने घालवले ते काय उगाच?

खोका उघडला. चौकोनी जागा. ज्याचा काळ संपला नेमका तोच. नमिता म्हणाली, एझ्राभाऊंचा तुकडापण चौकोनीच आहे ना, मग हा बसेल की. तिला यातलं काय कळतं. पापड चौकोनी असतो का? म्हणून पापडाला डबा चौकोनी नको का? मुद्दा नीट मांडता आला नाही, पण बरोबर होता.

गुणाजी चहा न घेता गेला. म्हणाला, गणपतींना हात लागायचेत, तुमच्यासारखा येळ नाय.

२५ मे, सोमवार

दुसरी सीएल. बोर्ड बदलून आणला. दुकानदाराने, अडतीसवाल्याच्या शेजारच्या, विचारलं, प्रोसेसर कोणता आहे. म्हटलं, ते तुम्ही बघू नका.

लांब फटीचा. काय सुंदर वस्तू आहे. प्रोसेसरचा प्रश्न गौण आहे. एझ्रा आपला बदलून आणेल. बोर्ड मुख्य.

सोबत शहाण्णव पानांचं पुस्तक आहे. ते पूर्ण वाचल्याशिवाय बोर्डाला हात लावायचा नाही असं ठरवलं. रोज चार पानं. म्हणजे जूनच्या तिसऱ्या आठवड्यात जोडणी.

२१ जून, रविवार

पान अकरा. छपाई इतकी बारीक की माणसाला जगावंसं वाटू नये. लाइट तीन दिवस नाही. भिंतीला ओल, पुस्तकाला बुरशी, चपलेत गांडूळ.

एझ्रा आणि वहिनी सारखे मुंबईला जातात, कागदपत्रांसाठी. एझ्राने विचारलं, बोर्ड आला ना, मग एक दिवस येऊ का जोडायला. म्हटलं, घाई करू नकोस. तो म्हणाला, घाई मी करत नाहीये, तिकिटं नऊ ऑगस्टची आहेत.

तिकिटं रद्द करता येतात. विचारून ठेवलंय.

५ जुलै, रविवार

एझ्रा न सांगता आला. पावसात, रोह्याहून, छत्री मोडलेली. खिशात तोच रुमाल. आज जोडूयाच म्हणाला. संध्याकाळी सहाच्या गाडीपर्यंत खेळू.

मी बोर्ड काढला. त्याच्यासमोर ठेवला. ज्या क्षणासाठी आठ महिने थांबलो तो हा क्षण.

त्याने बोर्ड बघितला, मग रुमाल सोडून प्रोसेसर बघितला. लांब फटीवर चौकोनी तुकडा धरून बघितला. मग खाली ठेवला. म्हणाला, पुंडलिक, हा यात कसा बसणार?

मी समजावलं. चौकोनीचा काळ कसा संपला, पुढची पाच वर्षं कशाची आहेत, त्याने प्रोसेसर बदलून आणला तर मशीन कसं पळेल. तो ऐकत होता. नमिता मधेच बोललीच. गुणाजीने मे महिन्यात चौकोनी आणला होता, यांनी परत केला. तिला गप्प बसायला सांगितलं तोपर्यंत उशीर झाला होता.

एझ्रा चिडेल असं वाटलं. चिडला असता तर बरं होतं. त्याने पापड मागितला. नमिताने भाजून दिला. खाल्ला, म्हणाला, तिकडे हा मिळायचा नाही. मग आम्ही दोघं बोर्डाकडे बघत बसलो. चारची गाडी पकडून गेला. प्रोसेसर टेबलावर ठेवून गेला. म्हटलं, अरे घेऊन जा, बदलून आण. म्हणाला, इथेच राहू दे.

वाचून जोडायला हवं होतं. पुस्तकात असेल काहीतरी उपाय. पान चौदा.

३१ जुलै, शुक्रवार

एझ्राचा शेवटचा दिवस, असं सगळे म्हणतात. कंपनीने शाल दिली, नारळ दिला, पेढे दिले. पेढे आंबलेले. साहेबांनी भाषण केलं, त्यात एझ्राला दोनदा एड्गर म्हणाले. शिसारी आली.

मग साहेब मोठेपणाने म्हणाले, आज सुट्टीत अकाउंट्सच्या कॉम्प्युटरवर खेळा तुम्ही दोघं, अर्धा तास, माझी परवानगी.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. एझ्रा उठून उभासुद्धा राहिला. म्हणाला, चल.

मी म्हटलं, ज्यांनी नोटीस लावली त्यांच्या मशीनला मी हात लावणार नाही.

अख्ख्या कॅन्टीनसमोर म्हटलं. साहेबांचं तोंड बघण्यासारखं झालं. एझ्राकडे मी बघितलं नाही. तत्त्व म्हणून काही असतं की नाही माणसाला.

स्टोअरमध्ये येऊन एक इंची व्हॉल्व्ह मोजले. भिंतीपलीकडे अकाउंट्स. एझ्रा तिथल्या प्रविणबरोबर खेळत होता. प्रविणला गाडी वळवता येत नाही, सारखा ओरडत होता. एझ्राचा आवाज आला नाही. खेळताना तो कधीच ओरडायचा नाही, फक्त नाकातून हसायचा.

व्हॉल्व्ह तीनदा मोजले. तीन वेळा वेगळे आले. रेकॉर्ड ठेवणाऱ्याचा निष्काळजीपणा. म्हणजे माझाच, पण तो वेगळा विषय.

६ ऑगस्ट, गुरुवार

एझ्राकडे मलिदा होता. त्यांच्या ज्यू लोकांत मोठं काही करायच्या आधी करतात. गोड पोहे, खोबरं, फळं, सुगंधी फुलं. प्रार्थना त्यांच्या भाषेत, रडणं मराठीत. रोह्यात त्यांची आता चार घरं उरलीत, पण माणसं पन्नास आली होती. शेजारचे, भाजीवाली, कंपनीतले. एवढ्या गर्दीत ओल्या छत्र्यांचा वास. मला गर्दीत बसवत नाही. मलिदा तीनदा घेतला.

मिरियमवहिनी म्हणाल्या, पुंडलिकभाऊ, रागावलात का आमच्यावर? म्हटलं, छे, मी कशाला रागावू. त्या म्हणाल्या, हे रोज घरी येऊन तुमचंच सांगायचे. आज पुंडलिकने असं केलं, आज पुंडलिकला हरवलं. मी कधी गेम बघितला नाही, पण मला सगळा पाठ आहे.

खोकला आला म्हणून बाहेर गेलो.

एअरपोर्टवर जाणार नाही हे एझ्राला आजच सांगून टाकलं. सहार म्हणजे एक दिवस वाया. तो म्हणाला, बरं.

९ ऑगस्ट, रविवार

मी गेलो नाही. वडखळला काम होतं म्हणून पहाटे तिकडे गेलो, ते वेगळं. काम झालं नाही. नाक्यावर टपरीपाशी उभा होतो. सव्वासहा ते नऊ. चिखल, ट्रक, अलिबागला जाणाऱ्या पुण्याच्या गाड्या, त्यांतून खाली टाकलेल्या वेफर्सच्या पिशव्या. ट्रकने पँटवर चिखल उडवला. घाण नाका आहे. एवढा वेळ कुणी इथे उभं राहू नये.

नऊला जीप आली. टपावर सहा बॅगा, निळ्या ताडपत्रीखाली. एझ्रानेच थांबवली. मी हात वगैरे काही केला नव्हता.

उतरून म्हणाला, इथे काय करतोस?

म्हटलं, वडा खायला आलो होतो.

पेणहून वडखळला वडा खायला?

म्हटलं, पेणचे तेलकट असतात.

तो नाकातून हसला. मग म्हणाला, तो बोर्ड परत कर. चौकोनी घे. ऐकशील?

म्हटलं, बघतो.

बघतो नको रे, पुंडलिक. तू बघतच बसतोस.

एवढंच. ड्रायव्हर हॉर्न वाजवायला लागला. वहिनी मागून हात हलवत होत्या, काच वर होती, काय म्हणाल्या ऐकू आलं नाही. जीप पेणच्या दिशेने गेली. मलाही तिकडेच यायचं होतं. पुढच्या एस.टी.ने आलो, उभ्याने.

सुपरवायझर केलं नाही त्याला. मला वाटलं होतं करतील.

२० सप्टेंबर, रविवार

दीड महिन्यात लिहिण्यासारखं काही नाही. गणपती झाले. डब्यात रोज तीच भाजी. कंपनीत सुट्टीत टेबलावर डोकं ठेवून पडतो, त्याने मान धरते. एझ्राच्या जागी एक नवा आलाय, चेंबूरचा, केसांना तेल लावतो आणि फोनवर जोरात बोलतो. त्याच्याशी बोलायचं नाही असं ठरवलं होतं. तोही बोलत नाही. उद्धट.

गुणाजी उद्या मूर्तींचे राहिलेले पैसे घ्यायला मुंबईला जातोय. बोर्डाचा खोका त्याच्या पिशवीत नमिताने ठेवला. मी बघितलं. सूचना दिल्या नाहीत.

२२ सप्टेंबर, मंगळवार

गुणाजीने बोर्ड आणला. मे महिन्यात आणला होता तोच, तसाच. म्हणाला, दुकानदार बोलला, हा वापस आला? मी बोललो, व्हय, आमचे भावोजी जरा लांबून आले.

प्रोसेसर बसला. दाबावासुद्धा लागला नाही.

४ ऑक्टोबर, रविवार

कॉम्प्युटर चालू झाला. हे मोठ्या अक्षरात लिहायचं होतं, पण पेन नीट चालत नाही.

सकाळी जोडला. स्टोअरमधल्या स्क्रू ड्रायव्हरने. दोन स्क्रू उरले. निळ्या पॅडवर माऊस सरकत नाही, रबर वितळलंय. गेमची सीडी प्रविणकडून आणली होती. लावली. लागली. मोटारी, रस्ता, आवाज, सगळं कंपनीतल्यापेक्षा सरस. काशीबाई बघून गेल्या. म्हणाल्या, हीच काय ती आय? आणि निघून गेल्या.

खेळलो. दुपारपर्यंत. एका माणसाचा खेळ निवडला की बाकीच्या पाच गाड्या कॉम्प्युटर चालवतो. त्या ठरलेल्या वळणावर ठरलेल्या वेगाने जातात. कुणी मुद्दाम आडवं येत नाही. धडकलं तरी कुणाला काही वाटत नाही.

भिकार गेम आहे. सात महिने आम्ही यात काय बघितलं कळत नाही. बोर्ड उत्तम आहे, यात वाद नाही. गेमच टाकाऊ. कदाचित दुसरा आणावा लागेल. चौकशी करायला हवी, घाईने घ्यायला नको.

एझ्राला पत्र लिहिलं. बोर्ड बसला. पुढे काय लिहावं ते न सुचून नमिताला विचारलं. ती म्हणाली, बरं चाललंय लिहा. तेवढं लिहिलं. गेमबद्दल लिहिलं नाही.

संध्याकाळी पुन्हा बसलो. नमिता पापडांचा डबा घेऊन मागून गेली, थांबली. म्हणाली, अख्खं बाकडं मोकळं आहे, असे डाव्या टोकाला काय बसलाय, पडाल. म्हटलं, माझी बटणं डावीकडची आहेत. ती म्हणाली, आता सगळीच तुमची आहेत, मधे बसा.

मधे सरकून बसलो. शर्यत लावली.

सहावा आलो. सहाच गाड्या असतात.